बॉर्डरलँड्स २: गेम जुना, पण व्हिलन आमच्या चांगल्या ओळखीचा

लॉकडाऊनमध्ये, म्हणजे मे २०२० च्या शेवटाला, एपिकच्या स्टोअरवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, बॉर्डरलँड्सचं हँडसम कलेक्शन, म्हणजे दुसरा भाग आणि त्याच्या सोबतचा माल एकत्र, फुकट होतं. फुकट म्हटल्यावर आपण काय सोडतो होय, लगेच घेतलं आणि विसरलो. लग्नात आलेला लेमन सेट कसा माळ्यावर खोक्यातच पडून असतो, तसा तो गेम माझ्या लायब्ररीत पाच वर्षं पडून होता. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी ट्रॅकवर पाणी, गाड्या बंद, बायको माहेरी अडकलेली, तेव्हा म्हटलं बघूया तरी काय आहे ते. त्या दिवशी रात्री अडीचला झोपलो. नंतर डोंबिवलीच्या मावसभावाला, पम्याला, फोन करून बोललो की तुझ्याकडे पण हा गेम पडलेला असणार, काढ.

चौथा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये आला, सगळे त्याच्याबद्दल बोलतायत आणि मी २०१२ च्या गेमचा रिव्ह्यू लिहायला बसलोय हे मला पण कळतंय. असू दे. ज्याच्याकडे चाळीस हजाराचं ग्राफिक कार्ड नाहीये त्याने पण काहीतरी खेळायला पाहिजे ना.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. गिअरबॉक्स नावाची टेक्सासची कंपनी, पहिला भाग २००९ चा, दुसरा सप्टेंबर २०१२ चा. पँडोरा नावाचा एक भिकारडा ग्रह, तिथे व्हॉल्ट म्हणजे परग्रहवाल्यांची तिजोरी, आणि ती शोधायला आलेले आपण. समोर दिसेल त्याला गोळ्या घालायच्या, त्याच्या खिशातून पडलेली बंदूक आपल्यापेक्षा भारी आहे का बघायची, असली तर घ्यायची, नसली तर विकायची, की पुढे. चित्रं सगळी कॉमिकसारखी, काळ्या शाईच्या रेघा मारलेली. ह्याच कारणामुळे गेम अजून म्हातारा दिसत नाही, त्याच काळातले खऱ्यासारखे दिसणारे गेम आज बघा, सगळ्यांचे चेहरे मेणाचे वाटतात.

पहिल्या भागाचा लोच्या असा होता की बंदुका मस्त पण जग रिकामं. कामं द्यायची ती बोर्डवर लिहिलेल्या मजकुरातून, माणसं जागेवर उभी राहून दोन वाक्यं बोलायची, आणि शेवटी ती तिजोरी उघडली तर आतून एक शेपट्या-सोंडांचं जनावर बाहेर. बस, संपला गेम. मी पहिला नंतर खेळलो, तीन रात्रीत कंटाळलो. दुसऱ्यात त्यांनी काय केलं असेल तर एक चांगला व्हिलन आणला आणि त्याच्या हातात फोन दिला.

हँडसम जॅक. हायपेरियन नावाच्या कंपनीचा प्रमुख. चंद्राच्या बाजूला त्याचं स्पेस स्टेशन टांगलेलं आहे, इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचं. पँडोरावर कुठेही उभे राहा, मान वर केली की ते दिसतंच. अगदी सुरुवातीलाच तो आपली ट्रेन उडवतो, आपण बर्फात पडतो, आणि त्यानंतर पूर्ण गेमभर हा माणूस आपल्याला अधूनमधून कॉल करतो. आपण गाडीतून चाललोय, कुत्र्यासारखी जनावरं मागे लागलीयत, आणि कानात हा. काय रे कसा आहेस, मी आज हिऱ्याचा घोडा घेतला, कारण मी श्रीमंत आहे. त्या घोड्याला नाव काय ठेवू, तुझ्या नावावरून एक घाणेरडं सुचलंय. मधेच काहीतरी कुरुमकुरुम खातो. मग तशाच हसऱ्या आवाजात सांगतो की एक माणूस माझ्यावर चमचा घेऊन धावून आला, मग मी त्याच चमच्याने त्याचे डोळे काढले, आणि तो किती गंमतशीर पळत होता म्हणून स्वतःच हसतो. आपण पण अर्धं हसून झालेलं असतं, मग कळतं आपण कशाला हसलो.

आता मला हा माणूस एवढा का भिडला ते सांगतो. आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय. एकशे ऐंशी फुटांची खोली सोडून आम्ही विक्रोळीला भाड्याने राहतो, पहिले दीड वर्ष भाड्याचा चेक वेळेवर आला, मग उशिरा यायला लागला, मग मीटिंग यायला लागल्या. त्या मीटिंगमधले शेठ, त्यांचं नाव घेत नाही, पण ते माइक घेऊन बोलायला लागले की सगळ्यांना फॅमिली म्हणतात. चिडत नाहीत. उलट आपल्यालाच वाईट वाटेल असं बोलतात, की मी तुमच्यासाठी एवढं करतोय, तुमच्या पोरांना स्विमिंग पूल देतोय आणि तुम्ही भाड्याचं काय घेऊन बसलात. माणूस मनापासून बोलतो हो! त्याला खरंच वाटतं की तो हिरो आहे आणि अडथळा आम्ही आहोत.

जॅक डिट्टो असा. तो पूर्ण गेममध्ये एकदाही स्वतःला व्हिलन समजत नाही. पँडोरावर राहणारे सगळे त्याच्या लेखी डाकू, आपण पण डाकू, आणि तो हा ग्रह साफ करून इथे चांगली माणसं वसवणार. गेमच्या पुढच्या भागात ऑपॉर्च्युनिटी म्हणून एक शहर येतं, अर्धं बांधलेलं, चकाचक, पिवळ्या-पांढऱ्या बिल्डिंगा, माणूस एक नाही फक्त रोबो आणि गार्ड, चौकाचौकात जॅकचे पुतळे, आणि स्पीकरवर सतत जाहिरात चालू की इथे राहणं किती भारी असणार आहे. मी तिथे पोचलो आणि गोळ्या घालायचं सोडून पाच मिनिटं नुसता फिरत होतो. आमचं ब्रोशर होतं ते! तेच पोडियम गार्डन, तीच काच, तेच कोणीच राहत नसलेलं घर. तिथे एक साइड मिशन, म्हणजे मेन स्टोरीबाहेरचं जादा काम आहे, जॅकचे पुतळे पाडायचं. आपल्या गोळ्यांनी त्या पुतळ्यांना काहीच होत नाही, कंपनीचाच एक रोबो हॅक करून त्याच्या लेझरने कापायचे, आणि तो कापत असताना त्याला सांभाळायचं. पहिला पुतळा खाली आला तेव्हा मी हेडफोन काढून टाळ्या वाजवल्या. बायको आतून, "कोण आउट झालं?"

ह्या गेमचा सगळ्यात भारी विनोद कुठल्या डायलॉगमध्ये नाही, तो न्यू-यू स्टेशनमध्ये आहे. आपण मेलो की खांबासारखं एक मशीन आपल्याला परत बनवतं आणि खिशातले काही टक्के पैसे कापून घेतं, वर गोड आवाजात काहीतरी टोमणा मारतं. आणि ते मशीन कोणाचं? हायपेरियनचं. म्हणजे मारणारा पण तोच, परत उभं करायचं बिल लावणारा पण तोच. ह्याच्यावर गेम कुठे थांबून हसत नाही, तुम्हाला लागला तर लागला विनोद, नाहीतर पुढे चला.

बंदुकांचं पण तसंच आहे, त्यांचे विनोद हाताला कळतात. प्रत्येक कंपनीचा स्वभाव वेगळा. टेडिओर ही स्वस्तातली कंपनी, तिची बंदूक रिलोड करायची म्हणजे मॅगझिन बदलायची भानगडच नाही, अख्खी बंदूक समोरच्याच्या अंगावर भिरकावून द्यायची, ती तिकडे फुटते आणि हातात नवीन येते. वर मॅगझिनमध्ये जेवढ्या गोळ्या शिल्लक तेवढा स्फोट मोठा, म्हणजे एक गोळी मारून बंदूक फेकणारा माणूस जास्त हुशार. मी तर शेवटी शेवटी गोळ्या मारायच्याच सोडून दिलेल्या, नुसता बंदुका फेकत फिरायचो, होळीला गच्चीवरून फुगे मारतो तसा. जेकब्जची बंदूक लाकडी दस्त्याची, जुन्या वळणाची, जेवढ्या वेगात माऊस दाबाल तेवढ्या वेगात सुटणार, बोट दुखेस्तोवर. टॉर्गची प्रत्येक गोळी म्हणजे छोटं रॉकेट, हळू जाते, पण पोचली की धुरळा. हायपेरियनची उलटी, सुरुवातीला हलते आणि मारत राहिलं की स्थिर होत जाते. आणि डाकूंनी स्वतः जोडून बनवलेल्या ज्या आहेत त्यांची मॅगझिन ही एवढी मोठी आणि नावांचं स्पेलिंग सगळं चुकीचं, आपल्या हायवेच्या ढाब्यांवरच्या मेनूकार्डासारखं. मला पम्याने एकदा विचारलं की दादा ही चांगली आहे का, मी बोललो स्पेलिंग बघ, चुकलं असेल तर गोळ्या भरपूर असणार.

एक बंदूक मात्र जपून. बेन नावाची एसएमजी, म्हणजे छोटी मशीनगन आहे, एका साइड मिशनमध्ये मिळते. हातात घेतली की आपण कासवाच्या गतीने चालायला लागतो, आणि गोळी मारली की ती बंदूक स्वतः किंचाळते. प्रत्येक गोळीला. रिलोड केलं तरी कर्कश आवाजात ओरडून सांगते. मला हे ठाऊक नव्हतं आणि त्या रात्री हेडफोनची पिन अर्धवट लागलेली. वन आरके घर, रात्रीचा पाऊण वाजलेला, आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून ते. बायको उठून बसली, तिला वाटलं शेजारच्यांचं भांडण परत सुरू झालं. मी बंदूक विकून टाकली, आणि गेम बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना गाडीत आठवून एकटाच हसत होतो, समोरचा माणूस जरा सरकून बसला.

साइड मिशनं ह्या गेमची जान आहे, मेन स्टोरीपेक्षा मी तर बोलीन तीच आधी करा. एक आहे ज्यात एक वेडा उभा राहून ओरडतोय की माझ्या तोंडावर गोळी मार. बस एवढंच मिशन. पायाला मारली तर चालत नाही, तोंडावरच. मारली की झालं, बक्षीस. दुसरं सर हॅमरलॉक नावाच्या शिकारीसाहेबाचं. त्याला माकडासारख्या जनावरांचं बुलीमाँग हे नाव आवडत नाही म्हणून तो पुस्तकासाठी नवीन नाव शोधतोय, आपण जनावरं मारत जायची, तो नाव बदलत जातो आणि समोरच्या जनावरांच्या डोक्यावरची नावाची पाटी पण खरोखर बदलत जाते, शेवटी प्रकाशक काही ऐकत नाही तेव्हा एकदम अचकट नाव येतं आणि मग परत मूळपदावर. नामांतराचे वाद आपल्याला काही नवीन नाहीत, त्यामुळे मला जरा जास्तच हसू आलं.

टायनी टीना बद्दल थोडं सांभाळून लिहितो, कारण तिथे मजा बघून कळायला पाहिजे. तेरा वर्षांची पोरगी, बॉम्ब बनवण्यात एक्स्पर्ट, बोलते अशी की अर्धं कळत नाही, मी सबटायटल लावूनच खेळलो आणि तुम्ही पण लावा. ती आपल्याला टी पार्टीसाठी पाहुणा पकडून आणायला सांगते. आपण हसत हसत आणतो. मग कळतं तो पाहुणा कोण आहे आणि त्याने तिच्या आईबापाचं काय केलेलं. पोरगी तशीच बडबडत असते, आवाज तसाच आनंदी, आणि आपलं हसू कुठेतरी अडकतं. हे त्यांनी दोन-तीन ठिकाणी केलंय आणि प्रत्येक वेळी मी फसलो. तिच्यावर २०१३ मध्ये एक वेगळा डीएलसी, म्हणजे गेमला मागून जोडलेला जादा भाग निघाला, ड्रॅगन कीपवाला, फासे टाकून खेळतात त्या गेमच्या आत सगळी गोष्ट, तो हँडसम कलेक्शनमध्ये येतो, मेन स्टोरी संपल्याशिवाय उघडू नका. का ते सांगत नाही.

आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं. सँक्चुअरी नावाच्या आपल्या गावात कधी कधी एक साधा माणूस उभा दिसतो, दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात, बोललं की चांगल्यातली बंदूक हातात देतो. मला वाटलं असेल कोणी. नंतर कळलं की पहिल्या भागाचा एक चाहता २०११ मध्ये, अगदी तरुण वयात गेला, कंपनीने त्याचं नाव देऊन त्याला गावात ठेवलाय. त्यानंतर गावात गेलो की आधी त्याला शोधायचो, असला तर ठीक, नसला तर नसला.

आता शिव्या. क्लॅपट्रॅप नावाचा चाकावरचा पिवळा डबा आहे, कंपनीचा शुभंकर वगैरे, त्याची बडबड पहिल्या दोन तासांत इतकी आहे की डोक्यात जातो. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून त्याचं ते रडगाणं तेवढं जमलंय, बाकी कापलं असतं तरी चाललं असतं. २०१२ च्या इंटरनेटवरचे जे विनोद जागोजागी पेरलेत ते शिळ्या चपातीसारखे झालेत, आता त्यातले निम्मे कोणाला कळणार पण नाहीत. बुटक्या माणसांवरून जे विनोद आणि नावं आहेत ती तर मला तेव्हाही खपली नसती, कंपनीला पण पुढे अक्कल आली असावी, तिसऱ्या भागात ते नाव बदलून टाकलंय. गाड्या चालवायला वाईट, माऊस जिकडे वळवाल तिकडे गाडी वळते, मी पहिले चार दिवस प्रत्येक दगडाला भेट दिली. मधेच गेम बंद केला की मारलेली जनता परत जिवंत, आणि आपण मागच्या खांबापासून, म्हणजे "जेवायला ये" अशी हाक आली की आपली वाट लागली. बॅगेत जागा कधीच पुरत नाही, ती वाढवायची तर क्रेझी अर्ल नावाच्या म्हाताऱ्याकडे जायचं, जो दरवाजाच्या फटीतून फक्त डोळे दाखवतो आणि एरिडियम नावाचे तिथले जांभळे दगड मागतो.

आणि स्टोरी संपल्यावर तीच स्टोरी दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा जास्त कठीण करून. तिसऱ्या फेरीत शत्रूंची लाइफ आपोआप भरत राहते आणि स्लॅग नावाचा जांभळा चिखल आधी उडवला नाही तर ते मरता मरत नाहीत, स्लॅग लागला की तिप्पट मार बसतो. म्हणजे प्रत्येक माणसाला आधी एका बंदुकीने रंगवा, मग दुसऱ्या बंदुकीने मारा, मग पुढच्याला रंगवा. ही काय करमणूक आहे का, हे तर सेकंड शिफ्टचं काम झालं. मी तिथे सोडला. दुसरी फेरी अर्धी खेळलो, तेवढं पुरे.

दोघांनी खेळायचं असेल तर आधीच सांगतो, भांडणं होणार. पीसीवर एकाच स्क्रीनचे दोन भाग करून खेळायची सोय नाही, ती प्लेस्टेशनवाल्यांना, आपल्याला ऑनलाइनच. आणि ह्या भागात पडलेला माल सगळ्यांचा एकच, ज्याने आधी उचलला त्याचा. तिसऱ्या भागात ज्याचा त्याला वेगळा दिसतो, इथे विरार फास्टमधल्या चौथ्या सीटसारखं आहे. पम्या सॅल्व्हाडोर घेऊन खेळतो, तो बुटका जाडजूड गडी जो दोन हातात दोन बंदुका घेऊन मारतो, त्यामुळे गोळ्या पण डबल त्यालाच लागतात. मी माया, माझं काम शत्रूला हवेत लटकवून ठेवायचं. म्हणजे मी लटकवणार, पम्या मारणार, पडलेला माल पम्याच उचलणार. एकदा मी खाली पडलो होतो, पडल्यावर काही सेकंद मिळतात, तेवढ्यात पडल्या पडल्या कोणाला मारलं तर आपण आपोआप उठतो, नाहीतर सोबतच्याने येऊन उठवायचं. हा माझ्या बाजूने पळत गेला आणि आधी पेटी उघडली.

"पम्या, मी मरतोय रे."

"थांब दादा, जांभळी आहे."

ती जांभळी, म्हणजे सहसा न मिळणाऱ्यातली, शॉटगन अजून त्याच्याकडेच आहे. ह्याच्यासाठी गेममध्ये सोय आहे, दोस्ताला एक ठोसा मारायचा की द्वंद्वाचं आमंत्रण जातं. मी तीन वेळा हरलो.

तिसरा घ्यावा का दुसरा, असं दोघातिघांनी विचारलंय म्हणून सांगतो. तिसरा २०१९ चा, बंदूक चालवायला, घसरायला, उड्या मारायला तो कितीतरी गुळगुळीत आहे, त्यात वाद नाही. पण त्यातले व्हिलन म्हणजे लाइव्ह स्ट्रीम करणारी जुळी भावंडं, आणि त्यांचा कॉल आला की मी आवाज बंद करायचो. जॅकचा कॉल आला की मी गाडी थांबवून ऐकायचो. मला तरी एवढा फरक पुरेसा आहे. जुना लॅपटॉप असेल तर सेटिंगमध्ये जाऊन फिजएक्स, म्हणजे उडणाऱ्या कचऱ्या-चिखलाचे इफेक्ट, तेवढं लो करा, नाहीतर मारामारीत मधेच गेम अडखळतो, बाकी माझ्या आठ वर्षांच्या डब्यावर पण मस्त पळतो. दहापैकी साडेआठ. बुटक्यांचे विनोद काढले असते तर नऊ दिले असते, आणि स्लॅगसाठी तर मी अजून कापणार होतो.

हां, आणि क्लॅपट्रॅपचा वाढदिवस. त्याला एवढ्या शिव्या घातल्या पण हे मिशन सोडू नका. तो आपल्याकडे तीन आमंत्रणं देतो, तीन जणांना वाटायला. तिघंही काहीतरी कारण सांगतात, कोणी येत नाही. मग त्याच्या त्या कळकट जागेत गाणं लावायचं, आणि पार्टीला कोण, तर तो आणि आपण. टेबलावर पिझ्झा, तोंडाने वाजवायची पिपाणी, आणि तो डबा मधे मधे बोलतो की येतील हां अजून लोक, ट्रॅफिक असेल. मिशन पूर्ण व्हायला काहीच करावं लागत नाही, नुसतं दोन मिनिटं थांबायचं असतं. मी आणि पम्या दोघं होतो, कॉलवर दोघं गप्प. मग मी बोललो चल झालं वाटतं, सकाळी ऑफिस आहे, आणि बंद करायला गेलो तर पम्या बोलला, "दादा थांब ना, अजून पिझ्झा आहे."